घरच्यांनाच शेवटी कळले

महोदय,

मुलांच्या लिंगओळखीचा विषय निघाला की ‘आईबापांनी वेळीच लक्ष द्यायला हवे होते’ हे वाक्य हमखास ऐकू येते. गेली दोन वर्षे मी ते माहेरी, सासरी आणि शेजारीही ऐकत आले आहे, म्हणून हे पत्र.

पाचपाखाडीतील आमच्या सोसायटीत दिवाळीच्या सुट्टीत मुले किल्ला करतात. गोणपाट भिजवून दगडविटांवर अंथरण्यापासून अळीव पेरण्यापर्यंत माझी थोरली मुलगी त्यात सर्वांत पुढे असे आणि ‘मुलासारखी धीट’ म्हणून तिचे कौतुक होई. धाकटे लेकरू, ज्याला आम्ही तेव्हा मुलगा म्हणत होतो, दारात गेरूच्या चौकोनावर ठिपके मोजत बसे. ते नऊ वर्षांचे असताना, पाहुणे यायच्या आत, त्याची रांगोळी मी ओल्या फडक्याने पुसली. पुढच्या दिवाळीत त्याने रांगोळीचा डबा मागितला नाही.

थोरली आज सिव्हिल इंजिनिअर आहे. किल्ल्यामुळे तिच्या मुलगी असण्यात काही फरक पडला नाही. धाकटीने बाविसाव्या वर्षी, आपण मुलगी आहोत, हे आम्हाला सांगितले. ती रांगोळीमुळे मुलगी झाली नाही (गावदेवी मैदानावर गुढीपाडव्याच्या सुमारास भव्य रांगोळी निघते, तेव्हा पुरुषही तासन्‌तास वाकून बसलेले असतात) आणि मी रांगोळी पुसल्याने ती मुलगा राहिली नाही. मात्र आधी तिने कॉलेजातील मैत्रिणीला सांगितले, मग बहिणीला, आणि सर्वांत शेवटी आम्हाला. दहावीनंतर न्हाणीघरातला आरसा रोज टॉवेलने झाकलेला असायचा. मी तो टॉवेल काढून वाळत घालत असे, पण का झाकतोस असे एकदाही विचारले नाही. आईबापांचा प्रभाव असतो तो इथे, आणि तो फार मोठा असतो.

एका डॉक्टरांनी ‘काही बैठकांत ठीक करू’ असे आम्हाला सांगितले होते. लिंगओळख बदलू पाहणाऱ्या अशा ‘रूपांतरण उपचारां’ना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे, हे मला फार उशिरा कळले. नातेवाइकांनी तिला बाहेर खोली घेऊन द्यायचे सुचवले, तेव्हा २०१९ च्या तृतीयपंथीय व्यक्तींच्या हक्कसंरक्षण कायद्याचे कलम १२ मी त्यांना वाचून दाखवले: आईवडील राहतात त्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे. ती घरीच आहे आणि घरीच राहील.

ठाण्यातील शाळांनी पालकसभेत गुणपत्रिकांबरोबर या विषयालाही अर्धा तास द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. बोलावले तर मी येईन, थोरलीही येईल. धाकटीने यावे की नाही, हे तिचे ती ठरवील.

– एक आई, पाचपाखाडी, ठाणे (प.)
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)