आईच्या पापण्यांच्या ऑपरेशननंतरचं पथ्यपाणी

ती. आई आणि ती. बाबांस,
शि. सा. न.

गणपतीची चवथ उरकल्यावरची तारीख घेतलीत ते बरं केलंत. नेवऱ्या तळायच्या धुरात आणि पाहुण्यांच्या वर्दळीत टाके सांभाळणं जमलं नसतं. ऑक्टोबरचा उकाडा आहेच, पण त्यावर उपाय करता येतो.

आई, "या वयात कशाला ही हौस?" असं कोणी विचारलं तर हसून सोडून दे. वरच्या पापणीचं सैल कातडं केसांवर टेकलं की वरचं दिसणं खरोखर कमी होतं. आणि नुसतं आरशासाठी केलंस, तरी चेहरा तुझाच आहे.

ऑपरेशन जागा सुन्न करून करतात, तास-दीड तासात संपतं. खरी मेहनत त्यानंतर, आणि पहिल्या दोन दिवसांतली बरीचशी बाबा, तुमच्या वाट्याची.

पहिलं काम शेकाचं, म्हणजे गार शेकाचं. पाणी उकळून गार करा, स्वच्छ वाटीत ओता आणि ती वाटी बर्फाच्या पातेल्यात ठेवा. बर्फाचे खडे वाटीत टाकू नका, ते नळाच्या पाण्याचे असतात. गॉजच्या घड्या वाटीत भिजवून, पिळून, मिटलेल्या डोळ्यांवर 10 ते 15 मिनिटं ठेवायच्या. आई जागी असेपर्यंत दर तासाला, 48 तास. हात आधी साबणाने धुवा. घडी नुसती टेकवायची, दाबायची नाही. बर्फ थेट कातडीला लावू नका. पापणी बधिर असते, गारठ्याने कातडी जळली तरी आईला कळणार नाही. दोन दिवसांनंतर बर्फाचा फारसा उपयोग नाही.

झोपायचं उताणं, दोन-तीन उशांवर, आठवडाभर. डोकं छातीपेक्षा उंच राहिलं की सूज लवकर उतरते. उशा घसरत असतील तर आरामखुर्ची आत घ्या.

आता जे सर्वांत महत्त्वाचं ते. एका डोळ्यात अचानक वाढत जाणारी कळ, पापणी टणक होऊन फुगणं, डोळा पुढे आल्यासारखा दिसणं, नजर अंधुक होणं किंवा एकाचे दोन दिसणं, यांतलं काहीही झालं तर मला फोन करण्यात वेळ घालवू नका. सर्जनला फोन लावा; नाही उचलला तर 108, नाहीतर मिळेल ती गाडी, आणि थेट बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत. पापणीमागे रक्त साठलं की खोबणीत दाब वाढतो, डोळ्याची नस चेपते आणि दीड-दोन तासांत दृष्टी कायमची जाऊ शकते. तिथे टाके उघडून आधी दाब उतरवतात. हे फार क्वचित होतं, पण झालं तर बहुधा पहिल्या 24 तासांतच. म्हणूनच पहिली रात्र ताळगावला मावशीकडे काढा असं माझं ठाम मत आहे. फोंड्याहून रात्री निघालात तर पोचण्यातच किती वेळ जाईल! निजण्याआधी आणि रात्री एक-दोनदा आईला उठवून एकेक डोळा झाकून बोटं मोजायला लावा. मलमामुळेही धुरकट दिसतं, पण चार वेळा पापण्या मिटून उघडल्या की ते निवळतं. रक्त साठल्याचं धुरकटपण निवळत नाही, वाढत जातं.

बाकी जे दिसेल त्याने दचकू नका. पहिल्या दिवशी आसवांत रक्ताची छटा येते. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त, आणि सकाळी उठल्यावर अधिक. जांभळे डाग गालांवर उतरतील, मग हिरवट, मग पिवळे होऊन दोनेक आठवड्यांत जातील. एक डोळा दुसऱ्यापेक्षा जास्त सुजलेला राहतोच, त्यावरून बिनसलं असं समजू नका. मात्र तिसऱ्या दिवसानंतर दुखणं, लाली आणि ऊब कमी होण्याऐवजी वाढली, पू आला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दाखवा.

सूज आणि ताणामुळे सुरुवातीला पापण्या पूर्ण मिटत नाहीत. झोपेत बारीक फट राहते, त्यातून डोळा सुकतो आणि खुपतो. गंमत म्हणजे सुकलेला डोळाच जास्त पाणी गाळतो. त्यासाठी दिवसा ओलाव्याचे थेंब आणि रात्री मलम. पंखा तोंडावर नको, पायांकडे वळवा. घामही येणार नाही आणि डोळेही सुकणार नाहीत. टाक्यांवर खपली धरली तर उकळून गार केलेल्या पाण्याच्या कापसाने नाकाकडून कानाकडे एकदाच पुसा, दरवेळी नवा कापूस. खपली खरवडायची नाही.

आई, दोन आठवडे आदोळीवर बसून चिरायचं-खवायचं नाही. खाली वाकलं की डोक्यात रक्त उतरतं, दाब वाढतो आणि नुकती बंद झालेली रक्तवाहिनी पुन्हा उघडू शकते. विहिरीची कळशी, केर काढणं, देवापुढे वाकून नमस्कार, सगळं त्यात आलं. उभ्याने हात जोड, देव समजून घेईल. शिंक तोंड उघडून द्यायची. पोट साफ राहील असं खा, कुंथण्यानेही तोच दाब येतो. आंघोळ मानेखालून. समुद्र, नदी महिनाभर विसर.

दुखलं तर पॅरासिटामॉल. ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम नको, त्यांनी रक्त वाहायची शक्यता वाढते. तुझी रक्त पातळ करणारी गोळी ऑपरेशनआधी थांबवायची की नाही, हे हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन यांनी मिळून ठरवायचं. शेजारणीच्या सल्ल्याने आपल्या आपण बंद करू नकोस. लसणीच्या आणि माशाच्या तेलाच्या गोळ्यांबद्दलही त्यांना सांग. बीपीच्या गोळीला खाडा नको.

टाके 5 ते 7 दिवसांत निघतात. जास्त दिवस राहिले तर त्यांच्या खुणा उमटतात. त्यानंतर खाज सुटेल, पण चोळू नकोस. बाहेरच्या कोपऱ्यातली जखम चोळण्यानेच उसवते. पापणी काही आठवडे बधिर वाटेल. रेघेवर मोहरीएवढे पांढरे दाणे आले तर फोडू नका, डॉक्टर सुईच्या टोकाने काढतात. व्रण दोन-तीन महिने गुलाबी राहतो आणि आपल्या कातडीवर उन्हाने काळा पडतो, म्हणून बाहेर पडताना मोठा गॉगल. चष्म्याचा नवा नंबर दोन-तीन महिन्यांनंतरच काढ. नजर स्थिरावायला तेवढा वेळ लागतो.

तुमची,
लेक

ता. क. काजळ तीन आठवडे नको, आणि नंतर लावशील ते नव्या डबीतलं. तोवर सुक्या कुंकवाऐवजी टिकली लाव, भुकटी टाक्यांत पडते. हळद, मध, गुलाबपाणी घेऊन कोणी आलं तर बाबा, तुम्ही चहा पाजून पाठवा.