फ्रँकेनस्टाईन : खाण तशी माती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या धोक्यांविषयी लिहिताना लेखकाने ‘फ्रँकेनस्टाईन’चा दाखला दिला आहे आणि सद्हेतूने काम करणाऱ्या शास्त्रज्ञावर त्याचीच दुष्ट निर्मिती उलटली, असा त्या कथेचा सारांश सांगितला आहे. चित्रपटांमुळे हा समज रूढ झाला असला, तरी मेरी शेली यांच्या १८१८ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीला तो धरून नाही. १९३१ च्या चित्रपटात मदतनीस गुन्हेगाराचा मेंदू उचलून आणतो आणि पुढच्या अनर्थाचे खापर त्यावर फोडण्याची सोय होते. कादंबरीत तो मदतनीसही नाही आणि तो मेंदूही नाही. तेथे शास्त्रज्ञ व्हिक्टर फ्रँकेनस्टाईन आणि त्याने घडवलेला जीव यांचे स्वभावच पदोपदी जुळतात.

दोघांचीही ज्ञानाची भूक अनावर आहे आणि ती योगायोगाने हाती लागलेल्या पुस्तकांनी चाळवली आहे. तेरा वर्षांच्या व्हिक्टरला सहलीत पावसापाण्यामुळे खाणावळीत अडकून पडावे लागते, तेव्हा गूढविद्येवर लिहिणाऱ्या कॉर्नेलियस अग्रिप्पाचा जुना ग्रंथ सापडतो. त्या जीवाला रानात पडलेल्या चामडी पेटीत मिल्टनचे ‘पॅरडाइज लॉस्ट’, प्लुटार्कची चरित्रे आणि गटेचा ‘वेर्थर’ सापडतो. जे वाचले ते दोघेही शब्दशः खरे मानतात आणि त्याचे परिणाम भोगतात.

सर्वांत बोलके साम्य भाषेत आहे. त्या जीवाने केलेल्या खुनासाठी घरची निरपराध मोलकरीण जस्टीन हिला फाशी होणार हे ठरल्यावर, आपण अंतरी विझता न विझणारा नरक वागवत होतो, असे व्हिक्टर सांगतो. पुढे ज्यांच्या शेजारी तो लपून राहत होता त्या द लेसी कुटुंबाने झिडकारल्यावर तो जीवही, सैतानाप्रमाणे आपण अंतरी नरक वागवत होतो, असेच म्हणतो. मिल्टनच्या काव्यातील या सैतानाशी, म्हणजे पतित देवदूताशी, तो स्वतःची तुलना करतो, तशी मरणापूर्वी व्हिक्टरही करतो. यावर कोणी म्हणेल की, ही सारी कथा व्हिक्टरच्या तोंडून, त्याला जहाजावर आसरा देणाऱ्या कप्तान वॉल्टनच्या वहीत उतरली आहे आणि त्या टिपणांत, विशेषतः शत्रूशी झालेल्या संवादांत, व्हिक्टरने स्वतः दुरुस्त्या केल्याचेही वॉल्टन नमूद करतो. तेव्हा दोघांची भाषा सारखी निघाली तर नवल काय? आक्षेप रास्त आहे. परंतु त्याने साम्य पुसले जात नाही, उलट आपल्या वैऱ्याला बोलता करताना व्हिक्टरला स्वतःचेच शब्द सुचतात, एवढेच सिद्ध होते. धाकटा भाऊ विल्यम याच्या खुनानंतर तर तो त्या जीवाला जवळजवळ आपलाच थडग्यातून सुटलेला आत्मा मानतो.

सूडाच्या बाबतीतही तेच. ऑर्कनी बेटांवर, त्या जीवाने मागितलेली आणि अर्धवट तयार झालेली सहचरी व्हिक्टर त्या जीवाच्या डोळ्यांदेखत फाडून टाकतो. व्हिक्टरच्या लग्नाच्या रात्री त्याची वधू एलिझाबेथ हिचा बळी घेऊन तो जीव त्याची परतफेड करतो. त्यानंतर बर्फाळ उत्तरेकडे जो पाठलाग सुरू होतो त्यात शिकारी कोण आणि सावज कोण, हे सांगणे कठीण होते. पाठीवर असलेल्या व्हिक्टरने उपाशी मरू नये म्हणून तो जीव वाटेत मेलेला ससा ठेवून जातो. दोघांनाही जगात दुसरे कोणी उरलेले नाही.

एकाकीपणात मात्र फरक आहे आणि तो व्हिक्टरच्या बाजूचा नाही. वडील, एलिझाबेथ, मित्र क्लेर्व्हाल असे जीव लावणारे लोक असताना तो इंगोलस्टाट या विद्यापीठाच्या गावी खोलीत स्वतःला कोंडून घेतो व घरी पत्रही धाडत नाही. त्याची निर्मिती द लेसींच्या झोपडीला लागून असलेल्या खुराड्यात दडून, भिंतीच्या फटीतून त्यांचा संसार पाहते आणि रात्री गुपचूप त्यांच्यासाठी सरपण आणून ठेवते. एकाने माणसे दूर लोटली, दुसऱ्याला माणसांनी दूर लोटले.

पश्चात्तापाचेही तसेच. मरणाच्या दारात व्हिक्टर आपल्या आयुष्याचा हिशेब मांडतो आणि आपले वर्तन दोषास्पद नव्हते, असा निर्वाळा देतो. त्याच्या शवाजवळ उभा राहून तो जीव मात्र व्हिक्टरलाही आपल्या बळींत मोजतो आणि केलेल्या हत्यांबद्दल स्वतःचीच घृणा वाटते, असे वॉल्टनला सांगतो.

आपला,
एक वाचक, पुणे