चेडवर्थची फरशी

सिरेन्सेस्टर, इंग्लंड
१४ ऑक्टोबर

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

परवा चेडवर्थला जाऊन आलो. इथून १२-१३ किलोमीटरवर, कॉल्न नदीच्या खोऱ्यात, दाट झाडीच्या पोटात रोमन काळातला व्हिला आहे. व्हिला म्हणजे जमीनदाराचा शेतावरचा वाडाच समज: मधे अंगण आणि तीन बाजूंना खोल्यांच्या ओळी. १८६४ साली तो सापडला. एका शिकाररक्षकाचं फेरेट, म्हणजे मुंगसासारखं पाळीव जनावर, बिळात अडकलं आणि त्याला काढायला खणताना फरशीचे रंगीत तुकडे वर आले, असं सांगतात.

तुझी आणि अण्णांची आठवण जेवणाच्या दालनात आली. तिथल्या फरशीच्या चार कोपऱ्यांत चार ऋतू होते. शरद गेला, तीन उरलेत. त्यातल्या हिवाळ्यासमोरून माझा पाय निघेना. डोक्यावर टोपडं ओढलेला, जाड झग्यातला माणूस, एका हातात ससा, दुसऱ्या हातात पानं झडलेली फांदी. असल्या लोकरी झग्यासाठी ब्रिटनचं नाव दूरवर होतं. ३०१ साली रोमन बादशहा डायोक्लेशियनने वस्तूंचे कमाल भाव ठरवून दिले, त्या यादीत ब्रिटनचा झगा ६,००० डेनारींना, म्हणजे तितक्या रोमन नाण्यांना, लावलाय. आणि या चित्रात रंगाचा एक थेंब नाही रे. इथलाच चुनखडक फोडून केलेले बारीक चौकोनी खडे, लाल हवा तिथे भाजलेल्या विटेचे तुकडे.

काही खोल्यांत तर फरशी जमिनीला टेकलेलीच नाही. खाली बुटक्या खांबांच्या रांगा, बाहेर भट्टी. तिची धग फरशीखालून फिरायची आणि भिंतीतल्या पोकळ विटांमधून वर चढायची. स्नानगृहं दोन, एक वाफेचं आणि एक कोरड्या उष्णतेचं. खायला म्हणून रोमनांनी आणलेल्या मोठ्या गोगलगाईंचे वंशज आजही त्या आवारात फिरतात!

वायव्येच्या कोपऱ्यात झरा आहे, त्यावर अष्टकोनी हौद. ते जलदेवतेचं ठाणं होतं. पुढे कुणीतरी त्याच्या काठाच्या दगडावर ची आणि ऱ्हो ही ग्रीक अक्षरं एकात एक गुंफून ख्रिस्ताची खूण कोरली. झरा अजून वाहतोय. मी ओंजळभर पाणी घेऊन डोळ्यांना लावलं.

पण हे पत्र लिहायला बसलो ते निराळ्याच खोलीसाठी. २८ नंबरची खोली. तिथल्या फरशीच्या कडेला वर्तुळांची ओळ आहे, एकात फूल, पुढच्यात गाठ, असं आळीपाळीने. फरशीवर काळ लिहिलेला नसतो. पण ही खोली वेगळी करायला एक भिंत घातली होती, तिच्या पायाच्या चरात कोळसा आणि हाडं मिळाली. त्यांचं रेडिओकार्बन मोजमाप झालं, म्हणजे त्यांच्यातल्या कार्बनवरून वय काढलं, आणि २०२० साली हा व्हिला सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने जाहीर केलं की ती भिंत इसवी सन ४२४ च्या नंतरची आहे. फरशी त्याहून पुढची. दत्ता, ४१० च्या सुमारास ब्रिटनवरचा रोमचा अंमल संपला होता! फौज नाही, नवं नाणं येत नाही, शहरं रिकामी होत चाललेली, आणि इथे कुणीतरी म्हणतंय, भिंत घालून नवी खोली करा, फरशी घाला. पाचव्या शतकातली अशी फरशी ब्रिटनमध्ये हा शोध लागण्याआधी माहीतच नव्हती.

चौथ्या शतकातल्या फरश्यांपुढे ही डावी आहे, नक्षीत चुका आहेत, म्हणून कारागिरी उतरणीला लागल्याचं अभ्यासक म्हणतात. ते खरंच असणार. तरी मला त्या माणसाचा हात दिसत राहतो. काम कमी झालेलं, शिकवणारे उस्ताद गेलेले, आणि हा गुडघ्यावर बसून एकेक खडा चुन्यात दाबतोय. त्याला उतरणीचा कारागीर म्हणायला माझं मन धजत नाही.

तुमच्या गावच्या देवळाची फरशी अण्णांनी घातली तेव्हा आपण दोघं दोरी धरून बसायचो, आठवतं? त्यांना एक विचार. जुन्या गवंड्याच्या हाताखाली नीट शिकायला मिळालं नाही, तर माणूस नक्षीत नेमका कुठे चुकतो? वर्तुळं आखताना, की शेवटी कोपरा जुळवताना? मी फोटो पाठवतोय. अण्णांना चष्मा लावून बघायला सांग, आणि ते म्हणतील ते जसंच्या तसं लिही.

तुझा,
श्रीधर