पुराच्या गाड्यांचं स्पिंडल कोण उघडणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळापूर्व तयारीची बातमी आणि फोटो आपल्या अंकात पाहिला. बोटी, लाइफ जॅकेट, दोरखंड आणि मागं ओळीनं उभ्या केलेल्या फोर बाय फोर गाड्या. खाली ‘सर्व वाहने सुसज्ज’. गाड्या धुतल्यात झकास, टायरला पॉलिशही मारलंय. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुन्या जीप आणि फोर बाय फोर पिकअपचंच काम करतो, त्यामुळं माझी नजर चाकाच्या आत जाते. या गाड्यांच्या पुढच्या ॲक्सलचं स्पिंडल काढून आतलं बेअरिंग आणि सील शेवटचं कुणी आणि कधी बघितलं?

ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्पिंडल म्हणजे नकलला (ॲक्सलच्या टोकाचा, स्टिअरिंगबरोबर वळणारा भाग) बोल्टांनी बसवलेली पोकळ नळी. ती फिरत नाही. तिच्यावर दोन टेपर बेअरिंग, त्यावर हब, हबवर चाक. आणि त्या नळीच्या पोटातून ॲक्सलचा शाफ्ट बाहेर हबपर्यंत येतो. या शाफ्टला आधार म्हणून स्पिंडलच्या आतल्या तोंडाशी एक छोटं निडल बेअरिंग (आत सुयांसारखे बारीक रोलर असतात) दाबून बसवलेलं असतं, विलीज घराण्यातल्या जुन्या जीपला तिथं पितळी बुश असतो. चिखलपाणी अडवायला सील. नवीन गाड्यांना सीलबंद हब येतं, खराब झालं की आख्खं बदलायचं. त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण खात्याखात्यांतून अजून पळणाऱ्या जुन्या गाड्या बहुतेक स्पिंडलवाल्या आहेत.

‘हब सर्व्हिस’ म्हणून बिल लागतं तेव्हा काय होतं? चाक उतरतं, हब निघतं, टेपर बेअरिंग डिझेलमध्ये धुऊन ग्रीस भरून परत बसतात. स्पिंडल जागचं हलत नाही. कारण ते गंजून नकलला चिकटलेलं असतं, बोल्ट काढले तरी सुटत नाही, तांब्याच्या हातोडीनं चारी बाजूंनी ठोकत बसावं लागतं. आतल्या त्या बेअरिंगला ग्रीस गनचं निपल नसतं. स्पिंडल बाहेर काढल्याशिवाय त्याला ग्रीस मिळतच नाही. ठेक्याच्या कामात एवढा वेळ कोण घालवतो?

त्यात पुराचं पाणी. गाडी धावून हब तापलेलं असतं आणि ते तसंच गार पाण्यात उतरतं. आतली हवा एकदम आकसते आणि सीलच्या ओठातून पाणी आत ओढलं जातं. ॲक्सलचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा ये-जा करायची वाट, चिखलानं बुजलेला असेल तर तिथंही हेच. बाहेरून काहीच दिसत नाही. गाडी वर येते, धुतली जाते, शेडमध्ये लागते. हब फ्री ठेवून, म्हणजे चाक शाफ्टपासून सोडवून, नुसती टू-व्हीलवर फिरवली तर तो शाफ्ट थांबूनच राहतो, म्हणजे बेअरिंगही जागच्या जागी पाण्यात बसून गंजतं. मग पुढच्या पावसाळ्यात ज्या दिवशी हब लॉक करून फोर-व्हील टाकायची वेळ येते, नेमकं त्याच दिवशी त्याला कामाला लावतात.

मागं एका खात्याची पिकअप माझ्याकडं आली होती, नाव कशाला घेऊ. ड्रायव्हरची तक्रार एवढीच, हब लॉक केलं की डाव्या चाकातून किर्रकिर्र येतं, फ्री केलं की गप्प. टेपर बेअरिंग नवीन होते, ग्रीसही ताजं. स्पिंडल ठोकून काढलं तेव्हा आतून ताकासारखं पांढरं पाणी आलं आणि पाठोपाठ तांबूस भुगा. निडल बेअरिंगच्या सुया वाहून गेल्यात जमा होत्या, चार-दोन आडव्या अडकलेल्या. शाफ्टवर नख अडकेल एवढा खड्डा. आता नुसतं बेअरिंग घालून काय उपयोग? शाफ्टच बदलावा लागला. बेअरिंग आणि सीलची किंमत त्यापुढं किरकोळ.

बसवतानाही लोक घाई करतात. निडल बेअरिंगवर हातोडी मारायची नसते, मापाचा ड्रिफ्ट (दाबून बसवायचा दांडा) घेऊन जिकडं नंबर छापलाय त्या बाजूनं दाबायचं. ती बाजू कडक असते, दुसरीकडून दाबलं की कड दुमडते आणि सुया अडकतात. हबच्या सीलचा ओठ बेअरिंगच्या अंगाला. जुनं ग्रीस पुसल्याशिवाय त्यावर दुसऱ्या जातीचं ग्रीस थापायचं नाही. आतला नट हब फिरवत आवळून मग गाडीच्या पुस्तकात सांगितलंय तेवढा मागं घ्यायचा, लॉक वॉशर, त्यावर चेकनट. ‘अंदाजानं टाइट’ हा प्रकार बंद व्हायला पाहिजे. सील घेताना ओठाचं रबर बोटानं दाबून बघावं. खोक्यावर नाव मोठं आणि आत कडक, भेगाळलेलं रबर, असा माल पेठेत भरपूर आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला होता, २०२१ च्या जुलैमध्येही तेच झालं. त्या दोन्ही वेळी पाण्यात उतरलेल्या गाड्यांपैकी किती गाड्यांचं स्पिंडल नंतर निघालं, हे त्या-त्या खात्यानं आपल्या रजिस्टरमध्ये बघून सांगावं. रजिस्टरमध्ये डिझेल असतं, किलोमीटर असतात. ‘गाडी हबपर्यंत पाण्यात गेली’ असा रकाना मी तरी बघितलेला नाही. तो घाला. आणि दुरुस्तीच्या निविदेत ‘हब सर्व्हिस’ एवढंच न लिहिता ‘स्पिंडल काढून आतलं बेअरिंग व सील तपासणे, लागल्यास बदलणे’ असं स्पष्ट लिहा. लिहिलं नाही तर ठेकेदार करणार नाही, आणि त्याला दोष तरी कसा द्यायचा? आयटीआयच्या पोरांनाही हे काम एकदा खऱ्या ॲक्सलवर करायला लावावं. माझ्याकडं येणाऱ्या पोरांना डिस्क ब्रेक येतात, स्पिंडल म्हटलं की लेथचं वाटतं.

रेस्क्यूच्या कामाला जाणारी जुनी फोर बाय फोर कुणाकडं असेल, खात्याची किंवा तालीम-मंडळाची, त्यांनी मृगाच्या आधी आणावी. बघण्याचे पैसे घेत नाही, सामान लागलं तर त्याचं बिल मालकानं स्वतः दुकानात भागवावं. फक्त पुढची दोन्ही चाकं आतून धुऊन आणा, नकलवरचा वाळलेला चिखल खरवडण्यात आमची अर्धी दुपार जाते.

आपला,
एक मिस्त्री, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर