पर्यावरण मंत्र्यांना खुलं पत्र: कोराडीच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड बाहेरून मोजा आणि तासातासाचा आकडा द्या

मा. पर्यावरण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

हिवाळी अधिवेशनाला नागपुरात याल तेव्हा एका सकाळी विधानभवनातून मानकापूरमार्गे कोराडीला चक्कर मारा ही विनंती. कोराडी आणि खापरखेडा ही दोन्ही औष्णिक केंद्रं शहराच्या उत्तरेला आहेत आणि थंडीत वारं बरेचदा उत्तरेकडूनच येतं, मग धूर कुणाच्या अंगावर येणार ते उघडच आहे. कोराडीच्या नव्या युनिटची चिमणी 275 मीटर उंच, त्यामुळे रात्रभर धूर वरच तरंगतो, पण सकाळी ऊन वाढून जमीन तापली की हवा ढवळली जाते आणि तोच धूर खाली उतरतो. केंद्राजवळच्या महादुला, सुरादेवीच्या लोकांना विचारा, काडी पेटवल्यावर येतो तसा सल्फर डायऑक्साइडचा झोंबणारा वास कधी येतो ते.

आता कागदावर बघा. या वायूचं आपलं मानक 24 तासांच्या सरासरीचं, एका घनमीटर हवेत 80 मायक्रोग्रॅम. समजा एक तास 600 आला आणि बाकीचे 23 तास 20 राहिला तर सरासरी 44 येते, म्हणजे सगळं ओके! पण दम्याच्या पोराला त्या एका तासातच त्रास होतो ना. हाताने नमुने घेतात त्या केंद्रांवर तर आठवड्यातून दोनच दिवस मोजणी असते, आणि सिव्हिल लाइन्स, महाल, रामनगर, अंबाझरी इथली ऑटोमॅटिक यंत्रं शहराच्या आत आहेत, धूर पहिल्यांदा टेकतो तिथे नाहीत.

यावर उपाय आहे आणि तो काही नवा नाही, ज्वालामुखीचा वायू असाच मोजतात. गाडीच्या टपावर दुर्बीण आकाशाकडे रोखायची, खाली छोटा स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे प्रकाशाचे घटक वेगळे करून मोजणारं यंत्र. सल्फर डायऑक्साइड 300 ते 320 नॅनोमीटरच्या आसपासची अतिनील किरणं शोषतो, म्हणून धुराखालून गाडी आडवी नेली की वर किती वायू आहे ते कळतं, त्याला वाऱ्याच्या वेगाने गुणलं की सेकंदाला किती किलो बाहेर पडतोय तो आकडा मिळतो. प्लांटच्या गेटच्या आत जायचीही गरज नाही. वारा नीट मोजला नाही तर आकडा चुकतो आणि रात्री हे चालत नाही, हे खरंय, म्हणून सोबत वारा मोजायचं यंत्र आणि गावांमध्ये हवेतला वायू 24 तास मोजणारे अ‍ॅनालायझर पण लागतील. चिमणीत सेन्सर आहेत, पण ते प्लांटचेच, बाहेरून पडताळणारं कुणीतरी हवंच.

आपल्या कोळशात गंधक कमी असतं असं नेहमी ऐकवतात. अर्धा टक्का धरा, तरी एका टनामागे 10 किलो सल्फर डायऑक्साइड होतो, आणि इथे रोज हजारो टन कोळसा जळतो. 2015 मध्ये केंद्र सरकारने या वायूवर मर्यादा घालणारा नियम केला, 2017 ची मुदत दिली, मग मुदतवाढीवर मुदतवाढ, आणि जुलै 2025 मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना धुरातलं गंधक काढणाऱ्या एफजीडी यंत्रणेतून सूटच मिळाली. तो वाद दिल्लीत चालू द्या, पण मोजायला तुम्हाला कुणी अडवलंय?

नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, आपल्याच शहरात आहे, 1958 पासून. त्यांना आणि प्रदूषण मंडळाला सोबत घ्या, महादुला, सुरादेवी, भानेगावात यंत्रं बसवा, तासातासाचा आकडा मराठीत ग्रामपंचायत-नगरपंचायतीच्या बोर्डावर आणि मोबाइलवर दिसू द्या, आणि गाडीचा पहिला फेरा याच थंडीत होऊ द्या.

आपला,
उत्तर नागपूरचा एक रहिवासी