खुनी कोण, ते पडद्यावर पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या चित्रपटांचा विषय निघाला की आपल्या पुरवणीत गाणी येतात, फार तर 1950च्या दशकातले 'बाजी' नि 'सी.आय.डी.' येतात. त्याच काळात खून-दरोड्यांचे दुसऱ्या-तिसऱ्या फळीतले कितीतरी बोलपट निघाले. त्यांचं नाव कुणी काढत नाही.

मी त्यांच्या गाण्यांच्या पुस्तिका जमवतो. बहुतेक पुण्याच्या जुन्या बाजारातल्या, कडा कुरतडलेल्या. आत नटसंच, गाणी आणि कथासार. ते ऐन मोक्याला थांबतं. प्रेत सापडलंय, संशय नायकावर आहे, पुढचं रुपेरी पडद्यावर पाहा! कौटुंबिक चित्रपटाचा शेवट एवढ्यावरून कुणीही सांगेल, सासूला उपरती होणार. खुनाच्या गोष्टीत शेवट हाच खरा माल. आता चित्रपटाची प्रतच कुठे उरलेली नसेल तर खुनी कायमचा मोकाट. माझ्या फायलींत असे बरेच मोकाट आहेत. 'पोलिसांत तरी जा,' असं आमच्या घरी मला ऐकवतात.

असे चित्रपट उतरले की पुष्कळदा त्यांची रिळं भंगारात, फिल्मवरच्या थरातली चांदी काढायला जात. पण सगळीच गेली असतील असं मी मानत नाही. अर्जेंटिनातला 'लॉस तायोस आमार्गोस' (1956) एका खासगी संग्राहकाकडे सापडला. अमेरिकेतला 'टू लेट फॉर टियर्स' (1949) फ्रान्समधल्या निगेटिव्हची मदत घेऊन 2014 मध्ये पुन्हा उभा केला. दोन्ही गुन्हेपटच.

आपल्याकडे चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं टिकतो. म्हणजे 1964 पर्यंतचे आता मोकळे झाले (गाण्यांचा हिशेब वेगळा). तेव्हा वडिलांच्या ट्रंकेत 16 मिमीची रिळं असतील त्यांनी ती दडवू नयेत. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवावं. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर आजच कळवावं, ती फिल्म सडू लागलेली असते.

आपल्यालाही एक विनंती. रविवारच्या अंकात चार ओळींची जागा द्या. मी एकेका पुस्तिकेतलं अर्धवट कथासार पाठवतो. ज्या आजी-आजोबांनी तो चित्रपट तेव्हा थेटरात पाहिला असेल त्यांनी खुनी कोण होता ते कळवावं. दोघांनी दोन वेगळी नावं सांगितली तर दोन्ही छापा.

आपला,
एक संग्राहक, पुणे