नाना, लघवीची गोळी आणि लग्नाची बस

कॉर्क, आयर्लंड

ती. नानांस,
सा. न. वि. वि.

रविवारी आई फोनवर सांगत होती, तेव्हा तुम्ही मागून "काही नाही, काही नाही" म्हणत होतात. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. ते मध्येच तोडता येणार नाही.

धुळ्याच्या लग्नासाठी दोन दिवस लघवीची गोळी बंद ठेवलीत. परत आलात तर पाय इतके सुजलेले की चपला चढेनात. मग राहिलेली भरून काढायची म्हणून एका सकाळी दोन गोळ्या घेतल्यात आणि ओट्यावरून उठताना भिंत धरावी लागली. सगळं कळलंय मला. बस मध्ये थांबत नाही, मांडवात सोय नसते, "घडीघडी कोठे जाऊ?" हे तुमचं म्हणणं मला खरंच पटतं. बायका तर अशा प्रवासात पाणीच पीत नाहीत.

माझ्या वॉर्डात गेल्या महिन्यात एक म्हातारे शेतकरी आले होते. गुरांच्या बाजाराच्या दिवशी ते अशीच लघवीची गोळी चुकवायचे, कारण तिथे आडोसा नसतो. फुप्फुसांत पाणी भरलं, तीन उशा लावूनही आडवं होता येईना. त्यांचं ऐकताना मला चोपड्याचं एसटी स्टँडच दिसत होतं.

नाना, ही गोळी थेट पाणी काढत नाही. ती मूत्रपिंडाकडून मीठ बाहेर टाकून घेते आणि मिठामागे पाणी जातं. हृदयाची ताकद कमी असली की शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं, ते पायांत उतरतं, फुप्फुसांत चढतं. काळ्या जमिनीत पाणी साचून केळीची मुळं सडू नयेत म्हणून तुम्ही चारी काढता, तसंच हे. पण एकीकडे चारी काढायची आणि दुसरीकडे पापड, लोणचं, ठेचा, वरून शेव, म्हणजे बांध फोडून पाणी सोडण्यासारखं झालं. ठेचा बंद करा म्हणत नाही. त्यात मीठ अर्धं घालायला आईला सांगितलंय, ती घालेल की नाही देव जाणे.

तुमच्या गोळीतल्या टॉर्सेमाइडचा जोर साधारण सहा ते आठ तास राहतो. म्हणून ती सकाळी घ्यायची. संध्याकाळी घेतली तर रात्रभर उठाबशा, आणि अंधारात पडायची भीती. गावाला जायच्या दिवशी ती पोचल्यावर, दुपारी घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. बहुतेक वेळा वेळ पुढेमागे करता येते. मात्र एक राहिली म्हणून दोन कधीच घ्यायच्या नाहीत.

आता केळ्यांचं. शेजारचे काका म्हणतात, लघवीच्या गोळीवर केळी खावी. तुमच्या जुन्या गोळीसाठी ते बरोबर होतं, कारण ती रक्तातलं पोटॅशियमही बाहेर टाकते. तेव्हा पोटऱ्यांत गोळे यायचे ते आठवतं ना? पण दिवाळीनंतरच्या नव्या गोळीत टॉर्सेमाइडसोबत स्पायरोनोलॅक्टोन आहे, आणि ते उलट पोटॅशियम धरून ठेवतं. तुमची ब्लडप्रेशरची टेल्मिसार्टनही त्याच बाजूची. पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि आधी काही कळतही नाही. घरचीच बाग, तुम्ही दिवसाला चार-पाच केळी सहज खाता. एका मध्यम केळ्यात 400 मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. केळीवाल्याच्या घरी मी केळी मोजायला सांगते आहे, रागावू नका. रक्ताची तपासणी करून घ्या आणि किती चालतील ते डॉक्टरांनाच विचारा. भाऊने जळगावहून आणलेलं 'कमी सोडियमचं' मीठही तोवर बाजूला ठेवा. त्यात सोडियमच्या जागी बरंचसं पोटॅशियमच असतं.

गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर डायक्लोफेनॅक आणता, ते बंद. ती शरीरात मीठ-पाणी अडवते, आणि लघवीच्या व ब्लडप्रेशरच्या गोळ्यांच्या जोडीला मूत्रपिंडावर फार ताण टाकते. दुखलं तर पॅरासिटामॉल चालेल का ते विचारा.

पुढे मे महिना आहे. आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो. अशात जुलाब, उलट्या लागल्या, घशाला कोरड पडली, लघवी कमी झाली किंवा उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. कधीकधी ते गोळी एक-दोन दिवस थांबवतात, पण ते त्यांनी ठरवायचं. दिवसाला पाणी किती प्यायचं तेही त्यांच्याकडूनच घ्या. गावातले सगळे 'भरपूर पी' म्हणतील, त्यांचं हृदय तुमच्यासारखं नाही.

आणि वजनकाटा धूळ खात पडलाय म्हणे. रोज सकाळी लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी, एकाच जागी ठेवून वजन करायचं आणि कॅलेंडरवर लिहायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अंगावरचं मांस नाही, पाणी आहे. लगेच दवाखाना गाठायचा. दम लागला, रात्री आडवं होता येईना, तर वजनाचीही वाट पाहू नका.

भाऊला सांगून सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्यांचे फोटो मला पाठवा, नाव छापलेली बाजू वर ठेवून. मागच्या वेळी त्याने नुसत्या चंदेरी बाजूचे पाठवले होते.

आईला नमस्कार. बिबड्या वाळल्या का ते कळवा.

तुमची,
बेबी